कोरी बाजू

जळगावात चुडामण बडगुजरच्या घरामागं एक पत्र्याची शेड होती. एप्रिलात ती अशी तापायची की भर दुपारी तिथं पाऊल ठेवणारा माणूस एक तर वेडा असावा नाहीतर चुडामण असावा, असं त्याची बायको पुष्पाबाई म्हणायची. डोक्यावर ओला पंचा, अंगात बनियन, कानावर पेन्सिल आणि समोर काहीतरी उघडून ठेवलेलं, हा त्याचा वीस वर्षांचा अवतार. घराच्या पुढच्या अंगाला दुकान होतं. तिथं टेप, रेडिओ, पंखे दुरुस्त व्हायचे. शेड मात्र त्याच्या स्वतःच्या खुळांसाठी राखलेली होती.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यातलं खूळ म्हणजे गाण्यांची पेटी. तसली एक पेटी त्यानं तरुणपणी भुसावळला एका हॉटेलात पाहिली होती. नाणं टाकायचं, आकडा दाबायचा, की आतला लोखंडी हात तबकडी उचलून सुईखाली ठेवायचा. चुडामणच्या पेटीत हात नव्हता आणि तबकड्याही नव्हत्या. आत होता एका टायपिंग इन्स्टिट्यूटनं काढून टाकलेला जुना संगणक, आणि त्याच्या पोटात एकेक करून भरलेली गाणी. आकडा दाबला की गाणं सुरू. धुळ्याच्या गिरधरशेठनं त्या वर्षी आइस्क्रीमचं दुकान काढायला घेतलं होतं, आणि 'असली पेटी खानदेशात दुसरीकडं असता कामा नये' असा त्याचा हट्ट होता. दुकान अखजीच्या मुहूर्तावर उघडायचं होतं. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय्यतृतीया म्हणतो, आमच्याकडं अखजी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके चढतात, गौराईची गाणी होतात. चुडामणला मात्र तेरा वर्षांपासून हा सण आवडत नव्हता. का ते पुढं येईल.

पेटीचं लाकूड इसाक मिस्तरीनं दिलं होतं, जुन्या दाराचं सागवान. रंधा मारणं, सांधे बसवणं, पॉलिश चढवणं हे चुडामणनं त्याच्याकडून शिकून स्वतः केलं. पेटी खांद्याइतकी उंच झाली. पुढं रंगीत काच, काचेमागं छोटी ट्यूब, खाली कापडानं मढवलेले दोन मोठे स्पीकर, आणि मधोमध आकड्यांची बटनं. काम देखणं झालं होतं. चुडामण येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचा, आणि पुष्पाबाई म्हणायची, "एवढा हात माझ्या डोक्यावरून कधी फिरवला नाही."

गाणी भरायची रीत सोपी होती, पण चिकाटीची. कॅसेट डेकमधून एक तार संगणकात जायची. गाणं वाजत असताना पडद्यावर त्याची रेघ उमटायची. आवाज असेल तिथं रेघ फुगायची, शांतता असेल तिथं सरळ धावायची. गाणं संपलं की मागची सरळ रेघ कापायची, आकडा द्यायचा आणि पुढची कॅसेट लावायची. चारशे गाणी ठरली होती.

दोनशे अकराव्या गाण्याला पहिल्यांदा ते दिसलं. गाणं संपलं, रेघ सरळ झाली, आणि मग त्या सरळ रेघेवर एक बारीक उंचवटा आला. चुडामणनं आवाज वाढवून ऐकलं. खट्ट. टेपचं बटन दाबल्याचा आवाज. त्याला नवल वाटलं नाही. जुन्या कॅसेटींत असलं काहीबाही राहतंच. त्यानं तेवढा तुकडा कापला, गाणं साठवलं आणि जेवायला गेला.

जेवून आल्यावर गाणं पुन्हा लावलं. उंचवटा जागच्या जागी होता.

त्यानं पुन्हा कापला. मग सहज म्हणून आधीचं, दोनशे दहावं, लावून पाहिलं. त्याच्याही शेवटी खट्ट. एकशे चाळिसाव्याच्या शेवटी खट्ट. सतराव्याच्या शेवटी खट्ट. ही सगळी गाणी वेगवेगळ्या कॅसेटींवरची होती, आणि काही तर मुंबईहून मागवलेल्या चकचकीत सीडीवरची होती. सीडीला कुठलं आलंय बटन!

चुडामण देवभोळा नव्हता. त्यानं तार बदलली. संगणक उघडून आतली साऊंडची पट्टी काढली, पुसली, परत बसवली. डेक बदलला. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी तो शेडमध्ये नुसता बसून तो आवाज ऐकत राहिला, आणि त्यानं तो ओळखला.

टेपवर गाणं ऐकायला एकच बटन दाबावं लागतं. आवाज भरायचा असेल तर दोन एकदम दाबावी लागतात, प्लेचं आणि लाल. एकट्या प्लेचा आवाज पातळ असतो. दोन्हींचा मिळून जाड, भरीव. वीस वर्षं टेप उघडणाऱ्या माणसाला तो फरक झोपेतही कळतो. हा आवाज दोन बटनांचा होता.

आता तेरा वर्षांमागचं सांगायला हवं. चुडामणनं ते कुणाला सांगितलेलं नव्हतं, पुष्पाबाईलाही नाही.

शहाऐंशी साली त्याच्या दुकानात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होता. गिऱ्हाइकानं कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, यानं भरून द्यायची. अखजीच्या आधीच्या आठवड्यात कॅसेटींचा ढीग लागायचा. त्यात एक दिवस एरंडोलहून द्रौपदाबाई नावाची बाई आली. पस्तिशीची, अंगावर विटकं लुगडं. कॅसेट तिनं पदराच्या गाठीतून काढली.

"भाऊ, एक बाजूले मनी आंडेर शे," ती म्हणाली. मनी आंडेर म्हणजे माझी लेक. "तठे हात लावू नको. दुसरी बाजू कोरी शे. तिच्यावर गौराईना गाना भरी दे."

तिची लेक कस्तुरा चौदा वर्षांची होती. आदल्या वर्षीच्या अखजीला द्रौपदाबाईचा भाऊ सुरतेहून टेप घेऊन आला होता. त्यावर मायलेकींनी अर्धा तास काहीबाही भरलं, गाणी, गप्पा, हसणं. भाऊ त्याच संध्याकाळी टेप घेऊन सुरतेला परत गेला. कॅसेट तेवढी राहिली, न ऐकलेली. श्रावणात कस्तुरा काविळीनं गेली. द्रौपदाबाईनं ठरवलं होतं, पुढच्या अखजीला शेजाऱ्यांचा टेप मागून आणायचा, झोक्याखाली बसायचं, एका बाजूला गौराईची गाणी ऐकायची आणि दुसऱ्या बाजूला लेक.

चुडामणनं कॅसेट उलटी घातली. घाईत चूक झाली, असं तो स्वतःला सांगत आला होता. तीस मिनिटं गौराईची गाणी कस्तुरावर भरली गेली. चिठ्ठी चिकटवताना त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं जे केलं ते मात्र चूक म्हणून खपणारं नव्हतं. त्यानं ती बाजू पुन्हा लावली, माइकची तार काढली, आणि तीस मिनिटं नुसती शांतता भरली, म्हणजे ती बाजू जन्मापासून कोरी वाटावी. गाणी दुसऱ्या बाजूला नीट भरून दिली. आणि द्रौपदाबाई आल्यावर त्यानं ती बाजू तिच्यासमोर लावून दाखवली.

"अक्का, इथं काहीच नाही. भरताना लाल बटन दाबलंच गेलं नसेल. नुसतं प्ले दाबलं असेल तुम्ही."

बाईनं आधी टेपकडं पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं.

"म्हंजे मनाच हातथीन ऱ्हायनं," ती म्हणाली.

चुडामण तेव्हा 'हो' म्हणाला होता.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही दुकानात. उलट 'भाऊनी मेहनत करी' म्हणून तिनं हात जोडले. आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात एरंडोलहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती ज्वारीच्या बिबड्यांचं, म्हणजे पापडांचं, एक गाठोडं पाठवायची. पुष्पाबाई त्या तळायची, शेजाऱ्यांना वाटायची, 'काय जीव लावते हो ही बाई' म्हणायची. चुडामण ताटातली बिबडी चुरून भाताखाली लपवायचा. तेरा वर्षांत त्यानं एकही गिळली नव्हती. एरंडोलचं माणूस दुकानात आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. एवढा मोठा माणूस, हातात हुन्नर, गावात नाव, आणि एका बाईच्या नुसत्या गावाच्या नावानं त्याचे कान गरम व्हायचे.

असो. तर पेटीतला आवाज वाढत गेला.

खट्टनंतर आठवडाभरानं बांगड्या आल्या. काचेच्या, दोन-तीन, मनगटावर सरकल्यासारख्या. पॉलिशचा शेवटचा हात मारायला इसाक मिस्तरी आला होता. गाणं संपलं तसा त्याचा हात थांबला.

"चुडामणभाऊ, गाना खतम हुवे बाद ये चुडियां किसकी बजती?"

"जुनी कॅसेट आहे, मिस्तरी. कुणाचं तरी राहिलेलं असेल."

इसाकनं आकडा दाबून दुसरं गाणं लावलं, मधलं सोडून शेवट ऐकला. मग पॉलिशचा बोळा डब्यात ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "बाकी का काम तुम कर लो." दारात चप्पल घालताना त्यानं पेटीकडं पाठ केली नाही.

त्यानंतर श्वास आला. बांगड्यांच्या मागून कुणीतरी माइक जवळ ओढल्याची खरखर, मग एक छोटा श्वास, पोरीबाळी बोलायच्या आधी घेतात तसा, मग घसा साफ केल्याचा आवाज. आणि तिथं रेघ तुटायची. सगळ्या गाण्यांना एकच शेपूट, मोजून अकरा सेकंदांचं. चारशेच्या चारशे गाण्यांना. चुडामणनं काही गाणी पुसून नव्यानं भरायला घेतली. पहिलंच गाणं शेपटासकट उमटलं.

पुष्पाबाईनंही ऐकलं होतं. ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"हा बाईमाणसाचा हात आहे," ती म्हणाली. "आणि श्वास पोरीचा. ओळखीचं आहे का कुणी?"

"नाही," चुडामण म्हणाला.

बायकोच्या तोंडावर इतकं सपाट खोटं तो बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता. ती गेल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं चहा तसाच मोरीत ओतला.

अखजीला सहा दिवस उरले होते. गिरधरशेठच्या दुकानात माणसं जमणार, पेटी वाजणार, आणि प्रत्येक गाण्यानंतर दोन बटनं एकदम दाबल्याचा तो आवाज सगळ्यांना ऐकू जाणार. कुणाला त्याचा अर्थ लागला नसता. पण चुडामणला लागत होता, आणि तेवढं पुरे होतं. त्यानं ठरवलं, जाऊन सांगायचं. 'अक्का, बटन तुम्ही दाबलं होतं. चूक माझी झाली, घाईत कॅसेट उलटी पडली.' एवढंच. एवढं सांगितलं की हे थांबेल, असं त्याला का कोण जाणे वाटत होतं.

सकाळच्या बसनं तो एरंडोलला गेला. स्टँडवर उतरला, चहा घेतला, आणखी एक घेतला, आणि आलेल्या बसनं परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. या खेपेला तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचला. एक बाई दारात धुणं वाळत घालत होती; ती द्रौपदाबाई नव्हती, तरी याचे पाय मागं फिरले. पुष्पाबाईला त्यानं सांगितलं, स्पीकरच्या कापडासाठी हिंडतोय.

तिसऱ्या दिवशी बसमधून उतरला तर स्टँडच्या बाकावर द्रौपदाबाई बसलेली. केस पिकले होते, पण त्यानं लगेच ओळखलं. मांडीवर बिबड्यांचं गाठोडं होतं.

"अरे भाऊ! मी तुनाच घर येवाले निंघेल व्हती," ती हसून म्हणाली. "औंदा म्हनं, आपन सोता जाऊ. तू आठे कसा?"

"काम होतं," चुडामण म्हणाला.

दोघं एकाच बसनं जळगावला आले. तासभराचा रस्ता. ती पावसाचं, भावाचं, गुडघ्यांचं बोलत होती. तो खिडकीबाहेर केळीच्या बागा मोजत होता. पाळधी आलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं, आणि म्हणाला, "ऊन फार आहे."

घरी पुष्पाबाईनं तिला पाणी दिलं, गूळ दिला. गाठोडं सोडून बिबड्या डब्यात भरायला घेतल्या. द्रौपदाबाईला शेडमधली पेटी दिसली.

"इतलं मोठं कपाट! काय करस तू यानं?"

"गाणी वाजतात," चुडामण म्हणाला. आणि मग, सांगायचं धैर्य होत नव्हतं म्हणूनच बहुधा, त्यानं तिला शेडमध्ये स्टुलावर बसवलं आणि एक आकडा दाबला. मनात म्हणाला, पेटीच सांगेल. आपल्याला बोलावं लागणार नाही.

गाणं चार मिनिटांचं होतं. बाई काचेतला उजेड बघत मान हलवत होती. पुष्पाबाई स्वयंपाकघरात होती. पत्रा कडकड वाजत होता.

गाणं संपलं.

खट्ट.

बांगड्या सरकल्या. माइक खरखरला. श्वास. घसा साफ केल्याचा आवाज.

द्रौपदाबाईचं डोकं हलायचं थांबलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्यानं लावलं. तिनं गाणं मधेच थांबवलं नाही, पूर्ण ऐकलं, आणि शेवटी डोळे मिटले. मग डावा हात वर करून मनगट हलवलं. आता तिथं एकच बांगडी होती.

"ह्या बांगड्या मन्या शेतस," ती हळू म्हणाली. "अखजीले भरेल व्हत्या. आनि ती मनी कस्तुरा शे." तिनं वर पाहिलं. "भाऊ, मी बटन दाबं व्हतं?"

चुडामण दुकान टाकल्यापासून गिऱ्हाइकांशी शुद्ध बोलायचा. आता त्याच्या तोंडून घरची भाषा आली. "दाबं व्हतं, अक्का. दोन्ही दाबं व्हतं. चूक मनी व्हयनी. घाईमां कॅसेट उलटी पडनी. मी खोटं बोलनू."

द्रौपदाबाई बराच वेळ अंगठा चोळत राहिली.

"तेरा वरीस," ती म्हणाली. "तेरा वरीस मी या आंगठाले दोस दिन्हा. चूल फुकतांना, भाकर थापतांना. याच्यावरथीन मनी पोर गयी म्हने मी."

चुडामण खाली बसला. मातीत, पेटीला टेकून. त्याला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि मग संपेल. त्याला शिव्या हव्या होत्या.

"तू ऐकं व्हतं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"पुसाना पहिले. तू तिले ऐकं व्हतं का?"

"नाही, अक्का. कसं ऐकणार? थेट गाणीच भरली गेली."

कुणी आकडा दाबला नव्हता. तरी पेटी वाजली. गाणं नाही. आधी रस्ता ऐकू आला, सायकलच्या घंट्या, कुणीतरी 'माझी कॅसेट झाली का' विचारत होतं, पंख्याची घरघर. चुडामणला तो पंखा ओळखू आला. शहाऐंशीतलं त्याचं दुकान. त्या दुकानात तेव्हा आवाज भरणारं कुठलंही यंत्र चालू नव्हतं. मग एका टेपचं बटन, एकच, पातळ. अर्ध्या मिनिटाची शांतता. त्या अर्ध्या मिनिटात काहीतरी वाजत असणार; पेटी ते देत नव्हती, तिथं नुसती पोकळी होती. आणि मग एका तरुण माणसाचा आवाज, वैतागलेला, चुडामणचा स्वतःचा:

"पोरीची बडबड आहे कुणाच्या तरी."

खट्ट. जाड, भरीव.

पेटी बंद झाली.

हे चुडामणनं स्वतःपासूनही लपवलं होतं. त्यानं ऐकलं होतं. कॅसेट घातल्यावर बाजू तपासायला त्यानं प्ले दाबलं होतं, अर्धं मिनिट एक पोर बोलत होती, आणि समोर माणसं ताटकळत होती. कॅसेट काढायची, उलटायची, चिठ्ठी वाचायची, एवढाही वेळ त्याला द्यायचा नव्हता. लोक पोरांची बडबड भरून आणतात आणि नंतर त्यावर गाणी मागतात, तसलंच हे, असं म्हणून त्यानं बटन दाबलं होतं. ती चूक नव्हतीच. त्यानं तिला ऐकून पुसलं होतं.

लाजेनं त्याला वर बघवेना.

द्रौपदाबाईनं स्टूल पुढं ओढलं. तिच्या आवाजात राग नव्हता. रागापेक्षा वाईट काहीतरी होतं, आशा होती.

"म्हंजे तू ऐकं. या दुन्यामां तू एकलाच ऐकं. मंग सांग माले. काय म्हने ती?"

चुडामणनं आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. रांगेत कोण होतं ते आठवलं, पंख्याचं वाकलेलं पातं आठवलं, हाताला लागलेला सोल्डरचा चटका आठवला. पोर काय म्हणाली ते आठवलं नाही. एक शब्दही नाही.

"याद नाही, अक्का."

"याद कर."

"तेरा वर्षं झाली..."

"माले घाई नही शे," ती म्हणाली. "बस पाच वाजता शे."

ती बसून राहिली. हात मांडीवर, नजर त्याच्या ओठांवर. पत्र्याचा कडकडाट थांबला होता. स्वयंपाकघरातून बिबडी तळल्याचा वास आला.

चुडामणनं पुन्हा सांगायला तोंड उघडलं, की अक्का, माफ करा, मला आठवत नाही.

श्वास आत गेला तो छोटा होता. त्याचा घसा आपोआप साफ झाला.

"माय," त्याच्या तोंडून आलं. बारीक, कोवळ्या आवाजात. "माय, सुरू व्हयनं का? लाल लागना का?"

त्यानं तोंडावर हात दाबला. हाताखाली ओठ हलतच होते.

द्रौपदाबाईनं त्याचा हात हळूच बाजूला केला, आपल्या मुठीत धरला.

"लागना, माय," ती म्हणाली. "बोल तू."

पाचच्या बसला ती गेली. जाताना पुष्पाबाईला म्हणाली, पुढच्या गुरुवारी येते.

दुसऱ्या दिवशी चुडामणनं चारशे गाणी तपासली. एकाच्याही मागं काही नव्हतं, रेघ सरळ. गिरधरशेठच्या टेम्पोतून पेटी धुळ्याला गेली, अखजीला वाजली, आणि आजही वाजते आहे. माणसं लांबून येतात, कौतुक करतात. गिरधरशेठनं चुडामणला चारदा बोलावलं. तो गेला नाही.

द्रौपदाबाई मात्र दर गुरुवारी येते. दोघं शेडमध्ये बसतात, आणि पुष्पाबाई बाहेरून कडी लावून ओट्यावर बसते, म्हणजे कुणी गिऱ्हाईक मागं येऊ नये. तिनं नवऱ्याला काही विचारलेलं नाही. आतून हसणं ऐकू येतं, गौराईची गाणी येतात, कुणाच्या तरी शेळीची गोष्ट येते. मागच्या गुरुवारी थोडं भांडणही झालं, मायलेकींत होतं तसं. आधीच्या वेळी जिथं थांबलं असेल तिथूनच पुढं सुरू होतं.

कॅसेटची बाजू तीस मिनिटांची होती. अखजी होऊन सात महिने झाले.

दुकान चालू आहे. टेप येतात, पंखे येतात, हात पूर्वीसारखाच चालतो. गिऱ्हाइकानं विचारलं, उद्या मिळेल का, तर चुडामण मान हलवतो. किती दिवस लागतील म्हटलं, तर बोटं दाखवतो. लोकांना वाटतं, घशाचं काही दुखणं असेल. बोलायला त्याला येतं, पण तोंड उघडल्यावर आवाज कुणाचा निघेल ते त्याला आधी कळत नाही, आणि चारचौघांत त्याला त्याची लाज वाटते.